शर्यतीतले उरलेले बूट

४, सोमवार

आणि म्हणे मी पळालो. पळालो! काल फोनवर पुन्हा तेच. "काय रे पळपुट्या, जेवलास का?" शिवीही द्यायची आणि जेवणाचंही विचारायचं, माणसानं उत्तर नेमकं कशाचं द्यायचं? मी म्हटलं, अण्णा, पळून गेलेला माणूस दर महिन्याला घरी पैसे पाठवत नाही. तर म्हणाले, "पैसे काय, पोस्टमनही आणून देतो. त्याला मी मुलगा म्हणत नाही." फोन आईच्या हातात गेला तेव्हा सुटलो.

अण्णा शिंपी. त्यांचं एक दुकान, एक पायमशीन आणि त्या मशीनपुढे मला जन्मभर बसवायचा एक बेत. सातवीत शाळेनं मला सोडलं तेव्हापासूनचा बेत. दोन वर्षं बसलो. काजं केली, बटणं लावली, ढुंगणाला खुर्चीचे वळ उठले. एक दिवस उठलो आणि इथे आलो. यात पळण्यासारखं काय आहे? स्टँडपर्यंत चालतच गेलो होतो, सगळ्यांच्या देखत.

खरे पळणारे लोक इथे आहेत. आमची टोळी शर्यतींच्या कमानी, कठडे आणि तंबू लावते. शर्यती पोराटोरांच्या नव्हेत. चांगली केस पिकलेली, बँकेत नोकरी असलेली माणसं वीस-वीस किलोमीटर पळतात, आणि त्यासाठी पैसे भरतात. आम्हाला घाम गाळल्यावर पैसे मिळतात, यांना घाम गाळायला पैसे पडतात. कुणाचं डोकं ठिकाणावर आहे ते वाचणाऱ्यानं ठरवावं. वाचणारा कुणी नाही म्हणा.

ही वहीही तिथलीच. पळणाऱ्यांना वाटायच्या पिशव्यांतून उरलेली. प्रत्येक पानावर छापलंय: आज किती चाललात? पाणी किती प्यायलात? आज हसलात का? खाली मोकळी जागा आहे. अण्णा घरात एक वाक्य पुरं करू देत नाहीत, म्हणून इथे लिहितो.

आई सांगत होती, अण्णांनी एका शर्टाची एक बाही बोटभर लांब शिवली. सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारतात. आणि सारखे पाणी पितात. पाणी प्यायले की मागे जाऊन येतात. गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं, आणि शिंपी गायब! मी म्हटलं, आई, ही मला परत बोलावायची नाटकं आहेत.

७, गुरुवार

रविवारच्या शर्यतीचं नाव आहे "साखरेशी शर्यत". लोकांना साखरेच्या आजाराची माहिती व्हावी म्हणून. पैसे कुणी दिलेत? बिस्किटवाल्यानं. कमानीवर त्याचं नाव हातभर. वर क्रीमची बिस्किटं आणि खाली साखरेशी शर्यत. हे बांधताना मला एवढं हसू आलं की लंबू म्हणाला, "दोरी धर, नाहीतर बिस्किट डोक्यात पडेल." लंबू म्हणजे माझा जोडीदार. त्याला शिडी लागत नाही, म्हणून मुकादम त्याला अर्धी शिडी म्हणतो.

शर्यतीचे मुख्य साहेब गळ्यात कायम शिट्टी घालून फिरतात. आम्ही त्यांना शिट्टीवालाच म्हणतो. आज त्यांनी शिट्टी वाजवून आमची सगळी टोळी गोळा केली. काय, तर आजाराच्या लक्षणांचा फलक मी उलटा बांधला होता. "वाचता येत नाही का?" म्हणाले. येतं. पण अक्षरं मुंगीएवढी. कमानीच्या टोकावर लोंबकळत मुंग्या वाचत बसलो तर दोरी कोण आवळणार? सुलटा करून पुन्हा बांधला, तोही न वाचताच. "आपण जनजागृती करतोय, विसरू नका," म्हणाले. जन सहाला जागे होतात साहेब, आम्ही तुमच्यासाठी तीनला उठतो. आमच्या जागृतीला कुणी टाळ्या वाजवत नाही.

मुंग्यांवरून आठवलं. आई म्हणते, घरी न्हाणीत मुंग्यांच्या रांगा लागतात. मी म्हटलं पावडर टाक.

आज हसलात का? हो. बिस्किटाला.

१०, रविवार

झाली एकदाची. झेंडा दाखवायला आलेल्या मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं, गाडी सोडा, चालायला लागा. मग झेंडा हलवला आणि गाडी मंचाच्या पायरीला लावून घेतली.

पळणाऱ्यांचं काय सांगू. पेल्यातून एक घोट पाणी प्यायचं, उरलेलं डोक्यावर ओतायचं, पेला माझ्या पायाशी फेकायचा, वर अंगठा दाखवायचा. एक जण कमानीखाली आला आणि ढसाढसा रडायला लागला. मला वाटलं, घरून काही वाईट निरोप आला. लंबू म्हणाला, "नाही रे, आनंद झालाय त्याला." मी म्हटलं, आनंद असा दिसत असेल तर आपण आहोत तेच बरे.

तपासणीच्या तंबूत मात्र काळं कुत्रं फिरकलं नाही. पळणाऱ्यांना आपण धडधाकट आहोत हे माहीतच होतं, ते फोटो काढत होते. शिट्टीवाला मुकादमाला म्हणाला, "रांग दिसली पाहिजे." म्हणून आम्हालाच शर्यतीचे सदरे घालून तिथे बसवलं. मी पहिला. सिस्टरनं बोटाला सुई टोचली. नर्सबाई तशी पोरगेलीच, पण नजर मास्तरणीची.

"तहान फार लागते का?"

"कमानी बांधून बघा, तुम्हालाही लागेल."

"घरात कुणाला साखरेचा त्रास?"

"साखर महाग झाली त्याचा सगळ्यांनाच."

मागे लंबू फिदीफिदी हसला. सिस्टर नाही हसली. म्हणाली, तुझं रक्त ठीक आहे, पुढचा. उठता उठता मी म्हटलं, तहानेचंच विचारायचं तर आमच्या अण्णांना विचारा, दिवसभर पाणी आणि दिवसभर मागची वाट. तशी तिनं मला हाताला धरून खालीच बसवलं. वय काय, करतात काय, डोळे कसे, पाय कसे. मी म्हटलं, पाय एकदम झकास. पूर्वी मशीन चालवून चालवून ठणकायचे, हल्ली म्हणतात काही जाणवतच नाही.

"हे चांगलं नाही," ती म्हणाली.

घ्या! दुखलं तर रोग, नाही दुखलं तर मोठा रोग. असलं दुकान आम्हाला काढता आलं असतं तर अण्णांना बाह्या जोडत बसायला लागलं नसतं.

"त्यांची तपासणी करून घ्या, लगेच. आणि मशीनवर बसताना पायात काय घालतात?"

"काही नाही. अनवाणी. पायाला मशीन कळलं पाहिजे म्हणतात."

"मग अनवाणी बसू देऊ नका. पायांना जपायला सांग. पायात नेहमी काहीतरी हवं, आणि..." ती आणखी बरंच सांगत होती, पण मुकादमानं हाक मारली आणि मी उठलो. फोटो निघाला होता.

शेवटी बूटवाल्या दुकानदाराचे मांडून ठेवलेले दोन-तीन जोड उरले. जादा वेळेच्या पैशांऐवजी मुकादम ते आमच्या गळ्यात मारत होता. लंबूच्या पायात त्यातला एकही शिरेना. मी एक पांढरा जोड उचलला. खाली निळा तळ, आत गादी. मला जरा घट्ट होतो, पण अण्णांचा पाय माझ्यापेक्षा बारीक आहे. निदान मी निघालो तेव्हा होता.

सिस्टरचं म्हणणं पायात काहीतरी हवं. घ्या काहीतरी.

१३, बुधवार

बूट गावाकडे जाणाऱ्या गाडीवाल्याकडे दिले. फोन केला. तपासणीचं आईला सांगितलं, तर अण्णांनी पलीकडून ऐकलं. "तिकडे जाऊन मला रोग चिकटवतोय का? चहात दोन चमचे घेतो, त्यातला एक तुझी आई टाकायला विसरते. मला कुठून होणार साखर?" मी म्हटलं, नका करू. मी सांगायचं काम केलं.

२०, बुधवार

बूट पोचले! आई फोनवर हसत होती. म्हणाली, "घालून बसलेत. काढायला तयार नाहीत. गिऱ्हाईक आलं की पाय असा पुढे करतात की त्याला विचारावंच लागतं." पोरानं पाठवले, शर्यतीतले आहेत, असं सांगतात म्हणे. म्हणजे गावाला वाटणार मी शर्यती जिंकतोय. वाटू दे.

आईनं विचारलं, लागत नाहीत ना? पाय आत कोंबताना बराच वेळ झटत होते. तर अण्णा म्हणाले, काहीच जाणवत नाही, ढगावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. मग स्वतः फोन घेतला.

"मशीन हलकं चालतंय."

त्यांच्याकडून एवढं म्हणजे सोन्याचं पदक. लंबूला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "कळलं बाबा, ढग."

आज हसलात का? लिहायला लावू नका.

२४, रविवार

आज हृदयासाठी चालणं. गेल्या खेपेला साखर, या खेपेला हृदय, पुढच्या खेपेला फुप्फुसं म्हणे. सगळं शरीर संपेपर्यंत आमच्या टोळीला मरण नाही. शिट्टीवाल्याचं भाषण तेच, फक्त अवयव बदलला. बिस्किटवाला मात्र तोच.

हृदयासाठी चाललेल्या दोन बायका चहाच्या टेबलापाशी रांगेवरून अशा भांडल्या की शिट्टीवाल्याला शिट्टीचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

२८, गुरुवार

आईचा फोन. दुकानात वास येतो म्हणाली. तिला वाटलं उंदीर मेला असेल. कपाट सरकवलं, कापडाचे गठ्ठे बाजूला केले. मग अण्णांच्या बुटाशी मुंग्या दिसल्या.

उजव्या पायातला बूट निघेना. निघाला तेव्हा मोजा कातडीला चिकटलेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलंय. आणि हा माणूस दिवसभर त्याच पायानं मशीन चालवत होता! आई रडायला लागली तर तिला म्हणाले, "दुखत नाही गं, उगाच कशाला?" कसलंसं मलम लावलंय. दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत.

मला राग आला. लहान मूल आहे का हे? बुटात काय चाललंय ते माणसाला कळत नाही?

२९, शुक्रवार

सकाळी मुकादमाला सांगून सरकारी दवाखान्यात गेलो. ती सिस्टर तिथेच असते. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. शर्यतीच्या तंबूत का कुणी नव्हतं ते तिथे कळलं, सगळे इथे होते. मला बघून म्हणाली, "काय, कमानवाले?" मी सगळं सांगितलं. बोटं कुठली, रंग कसा. तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"बूट कसला होता?"

"चांगला. शर्यतीतला. गादीवाला."

"सैल होता?"

मी म्हटलं, जरा घट्ट. पण त्यांना लागत नव्हता.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुझ्या पायात खडा गेला तर तू काय करतोस? बूट काढतोस. त्यांच्या पायाकडून निरोपच येत नाही रे. खडा गेला, बूट चावला, कातडी फाटली, कुणी कळवतच नाही. म्हणून सांगत होते, पायात घालायचं ते सैल हवं, आणि रोज तळवे, बोटं डोळ्यांनी बघायची. ऐकलं नाहीस का?"

मुकादमानं हाक मारली होती.

"आज न्या त्यांना. उद्या नाही. उशीर केला तर बोटांवर थांबणार नाही, पाय जाईल."

बाहेर आलो आणि तिथूनच फोन लावला. म्हटलं, आई, त्यांना दे.

"अण्णा, दवाखान्यात जा. आत्ता."

"मलम लावलंय."

"मलमानं होणार नाही."

"डॉक्टर झालास वाटतं? कठडे लावता लावता?"

"पाय जाईल अण्णा!"

"तिथे गेल्यावरच जाईल! गेलो की कापतात. पाय कापला की मशीन बंद. मशीन बंद झालं की तुझी आई काय खाईल? तुझे बूट?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. माणूस घाबरलेला होता. आणि मी इतके दिवस त्याला नाटकं म्हणत होतो. माझ्याजवळ समजावणीचं एक वाक्य नव्हतं. आमच्या घरात कुणी कुणाला कधी समजावलेलं नाही. जे होतं तेच तोंडातून आलं.

"मग बसा लपून! मला पळपुटा म्हणता ना? मी स्टँडपर्यंत सगळ्यांच्या देखत चालत गेलो. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या पळताय. पळपुटे तुम्ही, अण्णा. मी नव्हे."

पलीकडे मशीन थांबलं. मग फोन बंद.

मला वाटलं, संपलं. बापाला असं बोलणारा मुलगा मीही बघितला नव्हता. कामावर आलो. कठड्याच्या खिळ्यांऐवजी अंगठ्यावर दोनदा हातोडी मारून घेतली. दुखला. दुखतो आहे हे बरंच म्हणायचं.

संध्याकाळी आईचा फोन. "उठले रे. डाव्या पायात बूट, उजव्याला फडकं, आणि शेजाऱ्याच्या गाडीवर मागे बसले. सगळ्या रस्त्यानं एकच चाललं होतं, कार्टा मला पळपुटा म्हणतो, मला!" त्यांना दाखल करून घेतलंय. साखर इतकी की तिथल्या यंत्रानं आकडाच दाखवला नाही.

बूट मी पाठवले होते. चांगले होते बूट.

३, मंगळवार

दोन बोटं काढली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं.

अण्णांनी शुद्धीवर आल्या आल्या पट्टी बदलणाऱ्याला थांबवून टाके बघितले. म्हणाले, "कुणी घातलेत? टीप वाकडी गेलीय. असं शिवून दिलं असतं तर गिऱ्हाइकानं कापड तोंडावर फेकलं असतं." डॉक्टर हसले म्हणे. आई म्हणते, तीसुद्धा हसली, मग बाहेर जाऊन रडली.

फोनवर मी म्हटलं, अण्णा, बुटांचं... तर मला बोलूच दिलं नाही. "डावा अजून नवाकोरा आहे. पाठवून देऊ? तुला पळायला उपयोगी पडेल." मग म्हणाले, "जेवलास का?" पळपुट्या म्हणाले नाहीत. चुकल्यासारखं वाटलं.

आज हसलात का? हो. टाक्यांवर.

८, रविवार

पुन्हा साखरेची शर्यत, या खेपेला शहराच्या दुसऱ्या टोकाला. तीच कमान, तोच फलक. काल बांधायच्या आधी तो जमिनीवर पसरला आणि बोट ठेवत ठेवत मुंग्या वाचल्या. खूप तहान. सारखं लघवीला जाणं. नजर धूसर. पाय बधिर. जखम न भरणं. अण्णांना समोर बसवून लिहिल्यासारखं. आणि हे मी आत्तापर्यंत कमानीच्या टोकावर बांधत आलो, जिथून फक्त कावळ्यांची जागृती होते.

शिट्टीवाल्याला म्हटलं, साहेब, ही अक्षरं मोठी करा. म्हणाले, "जागा कुठाय? बिस्किटवाल्यांचं नाव लहान करू का?" मी म्हटलं, करा. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, वाजवली मात्र नाही.

मग मी फलक कमानीवर चढवलाच नाही. मागच्या बाजूला, जिथे झाडूवाले, गाडीवाले आणि पहारेकरी चहाला थांबतात, तिथल्या कठड्याला डोळ्यांच्या उंचीवर बांधला. लंबूनं दोरी धरली. मुकादमानं बघितलं आणि म्हणाला, "मी काही बघितलं नाही. आणि शिट्टीवाल्यानं बघितलं तर तू माझ्या टोळीतला नाहीस."

सकाळी शिट्टीवाल्यानं बघितलंच. अर्धा दिवस कापला. पुढे म्हणाले, तुझ्या वडिलांचं ऐकलं, मंचावर येऊन दोन शब्द बोलतोस का, लोकांना प्रेरणा मिळेल. मी म्हटलं, येतो, बूट तुमच्या शर्यतीतलेच होते हेही सांगू ना? मग मंचावर वेळ उरला नाही.

फलकापाशी एक झाडूवाला चहाचा पेला घेऊन बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, "पाय बधिर म्हणजे? मुंग्या येतात तसं?" मी म्हटलं, तंबूत सिस्टर बसलीय, तिला विचार. आणि ती बोलायची थांबल्याशिवाय उठू नकोस, कुणाचीही हाक येऊ दे. तो गेला. पेला मात्र खालीच टाकून गेला, पळणाऱ्यांसारखा.

पायमशीनला मोटर बसते, आज दुकानात विचारून आलो. पाय न लावता चालतं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मोटरवर कपडे काय कुणीही शिवेल." मी म्हटलं, मग शिवा ना, कुणीही होऊन. दुचाकीसाठी साठवलेले होते, ते काढले. दुचाकीवर मी जाणार तरी कुठे होतो? अर्ध्या दिवसाची कपात जाऊन, औषधाचे आणि मोटरीचे मिळून पाठवतोय साडेनऊ हजार.